मुकुंद गुरुजी पास झाले तो फाल्गुन

फाल्गुन लागला की इचोड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पळस फुलतो, आणि लोक गाड्या थांबवून त्याचे फोटो काढतात. मला त्याचं कौतुक नाही. शेतातल्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, कापूस कधीच बाजारात गेलेला असतो, उन्हाला नुकती धार येत असते आणि मोहाच्या फुलांचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास गावभर पसरलेला असतो. ह्याच दिवसांत पोरांच्या परीक्षा येतात. ह्याच दिवसांत माझं तोंडही कडू होतं, आणि पाडव्याचा गूळ-लिंब खाऊनसुद्धा ते ताळ्यावर येत नाही.

यंदा त्याला निमित्त झाली माझी नात. ती कसल्याशा मोठ्या परीक्षेला बसते आहे. समोर पुस्तक उघडं आणि हातात फोन. फोनमध्ये गळ्यात हार घातलेला एक मुलगा सांगत होता, मी काही फार अभ्यास केला नाही, थोडं थोडं वाचत गेलो, होत गेलं आपोआप. नात मान डोलवत होती. "आजी, बघ ना, याला जमलं. हापण आपल्यासारखाच आहे." मी विचारलं, "घरी कोण शिकवायला होतं त्याच्या? याच्याआधी किती वेळा आपटला? ते नाही सांगत?" ती वैतागली. म्हणाली, "आजी, तू प्रत्येक चांगल्या गोष्टीत खडा टाकतेस."

टाकते. जन्मतः मी अशी नव्हते. हार घातलेल्या माणसाचं बोलणं ऐकून डोळे पुसणारी साधी पोर होते. एका फाल्गुनात माझ्या बाबांनी एका माणसाला पास झालेलं पाहिलं आणि पुढचं सगळं झालं.

तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे नवी राज्यं मांडली गेली होती. आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला. त्यातले किनवट आणि राजुरा एवढे दोन तालुके मराठी मुलखाला जोडले. माझ्या मायचं माहेर किनवटकडचं. ती बैलगाडीनं माहेरी जायची, ती आता परराज्यात जाऊ लागली. गाडी तीच, बैल तेच, वाटेतला ओढाही तोच. ओढा ओलांडला की माय मागं वळून बघायची आणि म्हणायची, "कुठं हाय वं ते राज्य? मले तं काई दिसून नाई राह्यलं."

बाबा आमच्या गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. म्हातारी माणसं त्यांना अजून निजामाच्या वेळच्या शब्दानं 'मुदर्रिस' म्हणायची. बाबा स्वतः उर्दूत शिकलेले. तेव्हा आमच्या भागात शिकायचं तर उर्दूतच, दुसरी सोय नव्हती. निजाम गेला, राज्य भारतात आलं, आणि इतकी घासून घासून शिकलेली उर्दू कचेरीतून उठली. निजामाच्या हाली रुपयासारखीच, पेटीत होती पण कुठं चालत नव्हती. बाबांनी त्याचं दुःख केलं नाही. मराठी शाळा मिळाली म्हणून ते खूश होते. आणि तोवर हा नवा हुकूम आला. मराठी शाळांच्या मास्तरांनी तेलुगूची परीक्षा द्यायची, संधी दोन, दोन्ही वाया गेल्या की नोकरी गेली. ज्याला ती द्यायची नसेल त्यानं चैत्र संपायच्या आत दरखास्त करून मराठी मुलखातली शाळा मागून घ्यायची.

मायचा जीव अर्थातच पलीकडं. बाबांचंही मन निम्मं तिकडंच होतं. तरी त्यांनी तेलुगूचं पहिलं पुस्तक आणलं. पडवीत बसून ते एकेक अक्षर बोटानं गिरवायचे, ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा. चाळिशी ओलांडलेला, गावानं ज्याला शहाणा म्हणायचं तो माणूस, पहिलीतल्या पोरासारखा अडखळत होता. अडखळत होता, पण पुढं सरकत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अर्धी अक्षरं त्यांनी पाठ केली होती.

त्यांच्या शेजारी बसून मलाही ती अक्षरं येऊ लागली, आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्यापेक्षा लवकर येऊ लागली. त्यांना त्याचा आधार वाटायला हवा होता. घरातल्या घरात एकीला जमतं आहे म्हणजे आपल्यालाही जमेल, असं. पण ते मला म्हणायचे, "तुह्यं डोकं कोरं हाय, पोट्टे. माह्या डोक्यात उर्दूनं जागा अडवली न." तहसीलीतले कारकून फडाफडा तेलुगू बोलायचे, तेही बाबा रोज बघत होते. त्याचाही उपयोग नव्हता. ते तर मुळातलेच तेलुगू. दुसऱ्याचं यश आपल्याला लागू पडायला तो दुसरा आपल्यासारखा वाटावा लागतो. आपल्या वयाचा, आपल्या पगाराचा, आपल्याच अडचणीतला. असा कोणी भेटला की माणूस पुढचं काही विचारत नाही.

बाबांना असा माणूस भेटला. मुकुंद गुरुजी.

शाळेत दोनच मास्तर, एक बाबा आणि दुसरे मुकुंद गुरुजी. ते दोन-तीन वर्षांपूर्वी बदलून आले होते. वय बाबांपेक्षा कमी, पण टोपी, धोतर, पगार, सगळं एका मापाचं. आम्ही नांदेडकडचे, असं सांगायचे. मारुतीच्या देवळामागं एका खोलीत एकटेच राहायचे. आई गावी असते म्हणत, पण ती कधी आलेली कोणी पाहिली नव्हती. त्यांची मराठी इतकी स्वच्छ की आम्ही पोरं त्यांच्यासमोर बोलायला लाजायचो. आमचं 'आमी-तुमी', त्यांचं 'आम्ही-तुम्ही'. बाबा घरी येऊन सांगायचे, "मराठी बोलावी तं मुकुंद गुरुजीनं." इतकी शुद्ध भाषा माणसाच्या तोंडी कशी येते, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नाही.

हिवाळ्यात आसपासचे काही मराठी मास्तर तेलुगूच्या परीक्षेला बसले. इचोड्याचे, नार्नूरकडचे, आणि आमचे मुकुंद गुरुजी. बाबा बसले नव्हते, त्यांची तयारी झाली नव्हती. होळीच्या आदल्या दिवशी निकाल आला. सगळे नापास आणि मुकुंद गुरुजी पास.

गावानं काय आनंद केला म्हणून सांगू! शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरली, झेंडूचा हार आणला, नारळ फोडला. होळीचा गुलाल एक दिवस आधीच उधळला. पाटील उभे राहून म्हणाले, "आपल्यातला एक पास झाला, गड्याहो! मराठी मानसाले जमत नाई म्हनत होते न? जमलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर रडलेच.

आणि मग बाबांनीच विचारलं, "गुरुजी, कसं काय जमवलं, थोडं सांगान तं आमालेबी उपेग होईन."

मुकुंद गुरुजी हाराशी चाळा करत उभे होते. मग म्हणाले, "अहो, पुस्तकाच्या नादी लागू नका. मी पुस्तकाला हातसुद्धा लावला नाही. बाजारात जाऊन बसायचो आणि तेलुगू बायका बोलतात ते कान देऊन ऐकायचो. एका हंगामात भाषा आपोआप येते."

आपोआप. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. बाबांच्या चेहऱ्याकडं माझं लक्ष होतं. मास्तरकीतली सगळी काळजी त्या चेहऱ्यावरून पुसली गेली. पुस्तकाच्या घामातून त्यांची सुटका झाली होती, आणि सुटका करणारा माणूस अगदी त्यांच्यासारखाच होता.

त्या संध्याकाळी मायनं विषय काढला. "दरखास्त लिवता न? चैत सरून जाईन."

"काऊन लिवू?" बाबा म्हणाले. "मुकुंद गुरुजी पास झाले न? मंग मी काऊन नाई? घर इथं, वावर इथं. पल्याड जाऊन नव्यानं चूल मांडाची कशाले?"

"तुमाले जमन?"

"त्याले जमलं, तं मले जमन. त्याले का शिंगं हायेत?"

माय तिच्या माहेरच्या वाटेकडं तोंड करून बसून राहिली. चैत्र सरला. मुदत गेली. दरखास्त लिहिली नाही.

मग सुरू झाला बाबांचा बाजार. तेलुगूचं पुस्तक फळीवर गेलं. दर आठवडी बाजाराला बाबा इचोड्याला चालत जायचे आणि मला सोबत न्यायचे. लचव्वा नावाची एक भाजीवाली होती, निर्मलकडची, आवाज दणदणीत. तिच्या पालाशेजारी बाबा फडकं अंथरून बसायचे. डोक्यावर टोपी, मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर. कीर्तन ऐकावं तसे ते वांग्यांच्या भावाची घासाघीस ऐकायचे. लचव्वा सुरुवातीला हसली, मग वैतागली, मग तिला त्यांची सवय झाली. मास्तर म्हणून 'पंतुलू' म्हणायची. कामात असली की म्हणायची, "पंतुलू, त्या बाईला कोथिंबीर दे." बाबा तेलुगूत भाव सांगून कोथिंबीर द्यायचे आणि माझ्याकडं बघून हसायचे. परीक्षा जिंकल्यासारखं हसू होतं ते.

पावसाळा आला. चिखलात गाड्या रुतायच्या, आम्ही पोतं पांघरून बसायचो. मग कापूस फुटला. पहिल्या वेचणीला आमच्या वावरात मायनं सीतादही केलं, पऱ्हाटीला दहीभात दाखवला आणि हात जोडून पुटपुटली, "पास होऊ दे बाप्पा." रस्त्यानं कापसाच्या गाड्या इचोड्याला लागल्या. बाबा हमालांशी तेलुगू बोलायचे, धाब्यावर बोलायचे, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचे. घरी मायलासुद्धा भाजीचा भाव तेलुगूत विचारायचे. इतके आनंदी बाबा मी आधी पाहिले नव्हते, नंतर तर नाहीच.

मी कधीमधी म्हणायची, "बाबा, पुस्तकबी वाचा न थोडं." तर म्हणायचे, "मुकुंद गुरुजीनं वाचलं का?"

आणि मुकुंद गुरुजी? ते रोज शाळेत भेटत होते. बाबा त्यांना उत्साहानं सगळं सांगायचे. एकदा बाबा म्हणाले, "गुरुजी, तुमी मले थोडं लिवून दाखवा, मी पाठ करतो." गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "लिहिण्यानं भाषा मरते. तुम्हाला जमतंय. असंच ऐकत राहा." मी तिथंच उभी होते. मला त्यांचा तो रुमाल आठवतो. हार पडला त्या दिवशी ते घाबरून खोटं बोलले असतील, ते मी सोडून देईन. पण हे दुसरं बोलणं मला पचत नाही. समोरचा माणूस आपल्या शब्दावर विसंबून चुकीच्या वाटेनं चालला आहे हे दिसत असताना, चाला चाला, म्हणणं. ह्याला मी फसवणूकच म्हणते, आणि दुसरं नाव देणार नाही.

फाल्गुनात बाबा परीक्षेला बसले. आदिलाबादहून परत आले तेव्हा चप्पल हातात होती. ओसरीच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "त्या पेपरात वांगे नोते, वच्छे." त्यांना उतारा लिहायचा होता, अर्ज लिहायचा होता. लिहायला तर अक्षरं लागतात, आणि ती अर्ध्यावर सोडलेली.

वैशाखात निकाल आला. नापास.

दुसरी संधी होती. मुकुंद गुरुजीच पुढचा हुकूम वाचून म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. बाबा म्हणाले, नाही. त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशेब झाला होता. आपल्यासारख्याच एका माणसाला, आपल्याच रीतीनं, एका हंगामात जे आलं ते आपल्याला आलं नाही, तेव्हा रीतीत खोट नाही, आपल्या डोक्यातच खोट आहे. "माह्यं डोकं बसलं," ते मायला म्हणाले, "पोरायले काय शिकवू आता?" कोणी काढून टाकायच्या आधी त्यांनी स्वतःच इस्तिफा देऊन टाकला. ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्या माणसानं स्वतःला ठोंब्या ठरवलं, आणि तो शिक्का पुढं कोणालाच पुसता आला नाही. इचोड्याला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं ते वजनकाट्यावर उभे राहू लागले. पल्याड जायची वाट तर आधीच बंद झालेली.

पुढं मीच मास्तरीण झाले, आणि तीही तेलुगू शाळेत. निकालाच्या दिवशी पहिल्या नंबरच्या पोराला पुढं बोलावून, बघा, ह्याच्यासारखं करा, असं मी एकदाही म्हटलं नाही. एकदा आपटून मग पास झालेलं पोर शोधून काढायची आणि त्याला सांगायची, तू बोल. कसा आपटलास ते आधी सांग. पालक म्हणायचे, ही बाई उलट्या डोक्याची आहे. असेनही. पण त्या सवयीनं माझं नुकसानही केलं. कोणाचंही यश मला सरळ डोळ्यांनी बघता येत नाही. दुसऱ्याकडं बघून मनाला जी उभारी येते, ती माझ्या वाट्याला पुन्हा आलीच नाही. माझ्या नातीला ती येते, तेव्हा मला तिचा हेवा वाटतो आणि भीतीही वाटते.

त्याच वैशाखातली गोष्ट. बाबांनी इस्तिफा दिला त्याला थोडेच दिवस झाले होते. मायनं शाळेच्या किल्ल्या मुकुंद गुरुजींना देऊन ये म्हणून मला पाठवलं. देवळामागच्या त्यांच्या खोलीच्या ओट्यावर एक म्हातारी लोणच्यासाठी कैऱ्या फोडत बसली होती. मला पाहून तिनं हाक मारली, "रा बिड्डा," ये लेकरा. तेलुगूत. मीही तेलुगूत बोलले. तिला इतका आनंद झाला! ह्या गावात तिच्याशी बोलणारं तिला कोणी भेटलं नव्हतं. कैरीची फोड माझ्या हातात दिली आणि बोलत सुटली. ती मुकुंद गुरुजींची आई होती. पाय दुखतात म्हणून पहिल्यांदाच लेकाकडं आली होती.

"तुला दोन्ही भाषा येतात, भाग्याची आहेस," ती म्हणाली. "माझ्या पोरानं किती सोसलं. बाप मेला तसा मामानं त्याला नांदेडकडं नेऊन मराठी शाळेत घातलं. घरची भाषा तेलुगू, लिहाय-वाचायलाही तीच आलेली, मराठीचं अक्षर ठाऊक नाही. पोरं हसायची. सुट्टीत घरी आला की पुस्तक छातीशी धरून रडायचा. पण सोडलं नाही पुस्तक. वर्षानुवर्षं घोकलं, तेव्हा कुठं आली."

आतून मुकुंद गुरुजी बाहेर आले. त्यांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. किल्ल्या घेतल्या. "वत्सला," ते हळू आवाजात म्हणाले, "हे घरी सांगायचं नाही, बरं का."

मी घरी जाऊन सगळं सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. टोपी घातली आणि निघाले, मी मागोमाग. म्हातारी आत निजली होती. गुरुजी ओट्यावर उभे राहिले. बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. न विचारताच सांगू लागले, "त्या दिवसांत कोण कुठल्या भाषेचा ह्यावरून माणसं भांडत होती. नोकरी मराठी शाळेतली. तेलुगू घरातला आहे म्हटलं असतं तर गावानं मला ठेवलं असतं का? आणि मग तो हार गळ्यात पडला. त्यानंतर तोंड उघडेना."

"ते समजलं मले," बाबा म्हणाले. "तुमची मायबोली तेलुगू, तं तुमी पास होनारच. त्याचा राग नाई. मले एक सांगा. मराठी किती वर्सात आली तुमाले?"

"चार वर्षं लागली."

"अन् मराठीची परीक्षा? पहिल्या खेपेलेच पास झाले?"

गुरुजी खाली बघत होते. त्यांची ती स्वच्छ मराठी त्या वेळी मोठ्या मुश्किलीनं बाहेर आली. "नाही. दोनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी पास झालो."

बाबांनी टोपी काढली, हातात धरली, आणि शाळेत एखाद्या पोराला समजावून सांगायचे तितक्याच शांतपणे म्हणाले,

"गुरुजी, मी तं एकदाच नापास झालो होतो."